नाद, हौस आणि व्यासंग

२०२५ च्या जानेवारीत देशातल्या एका बलाढ्य बांधकाम कंपनीच्या अध्यक्षांनी आठवड्याला नव्वद तास कामाची अपेक्षा बोलून दाखवली आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार, असा प्रश्न आपल्या माणसांना विचारला. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातल्या एका ज्येष्ठ उद्योजकांनी तरुणांना सत्तर तासांचा सल्ला दिला होता. दोन्ही वेळा गदारोळ झाला. बायकांचा अपमान झाला म्हणून लोक चिडले, ते योग्यच होतं. डॉक्टरांनी झोपेचा आणि हृदयाचा मुद्दा मांडला, तोही खरा. पण त्या वाक्यातलं मला जे सगळ्यात लागलं, त्याविषयी फारसं कुणी बोललं नाही. कामावरून घरी आलेल्या माणसाला कुणाकडे तरी बघत बसण्याखेरीज दुसरं काही करायचं असेल, ही शक्यताच त्या प्रश्नात नव्हती. वाईट याचं वाटतं की उत्तर देणाऱ्यांच्या मनातही ती आली नाही.

त्यांचे युक्तिवाद आठवून पाहा. विश्रांती मिळाली की माणूस जास्त चांगलं काम करतो. तास कमी केले की उत्पादकता वाढते. ताजातवाना कर्मचारी कंपनीच्याच फायद्याचा. म्हणजे सुटी हवी ती कशासाठी? दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपलं जाण्यासाठी. बैलाला सावली आणि वैरण आपण याच हिशेबानं देतो. नव्वद तासवाले आणि पन्नास तासवाले भांडतात ते फक्त आकड्यावर. माणूस कामासाठी आहे यावर दोघांचं एकमत आहे. मला हे एकमतच मान्य नाही. कामाबाहेरच्या वेळात माणसाला स्वतःच्या मनाचं, बिनपगारी, कुणी सांगितलेलं नाही असं काहीतरी जीव लावून करता यावं, यासाठी तो वेळ हवा. त्याला छंद म्हणा, नाद म्हणा, ध्यास म्हणा. कित्येकांच्या आयुष्यात पूर्णपणे त्यांचा असा तेवढाच तुकडा असतो. आणि तो कुणाच्या वाट्याला किती येतो, हा न्यायाचा प्रश्न आहे.

माझा तुकडा कोणता, ते आधी सांगते, कारण हा विषय लांबून बोलण्याचा नाही. मी डोंबिवलीला राहते आणि एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. अकरा वर्षांपूर्वी एका छोट्या वर्गात मोडी लिपी शिकले आणि तेव्हापासून रविवारची सकाळ मोडीची. मोडी लिहिताना आधी पानभर शिरोरेषा ओढून घेत आणि मग तिच्याखाली हात शक्यतो न उचलता अक्षरं ओवत जात. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही, ह्रस्व-दीर्घ पाहायचं नाही. लिहिणाऱ्या कारकुनाचा वेग वाढे, पण दोन-अडीचशे वर्षांनी वाचणाऱ्याची त्यात परीक्षा असते. सुरुवातीला एका पानाला दोन-दोन रविवार लागायचे. एखाद्या वळणापाशी अडून बसायचं, पुढे जायचं, तेच वळण खाली ओळखीच्या शब्दात सापडलं की परत वर यायचं. त्या कारकुनाच्या हाताची सवय हळूहळू कळू लागते. तो घाईत असताना कुठली गाठ सोडून देतो, कागद संपत आला की कसा आवळून लिहितो, हे दिसू लागतं. समोरचा माणूस कधीचाच गेलेला असतो, पण त्याचा हात ओळखीचा होतो.

एकदा एका पत्रावर ‘समान सितैन मया व अलफ’ अशी अक्षरं लागली. हे अरबी आकडे: आठ, साठ, शंभर आणि हजार. मिळून ११६८, हा सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दफ्तरातली वर्षगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७६७-६८. थोरल्या माधवरावांची कारकीर्द. पत्रात काही मोठं नव्हतं. एका गावच्या बांधाचा तंटा होता. पण ते वर्ष माझ्या हातानं उलगडलं त्या क्षणी जे वाटलं, ते मला वर्षअखेरचा ताळेबंद जुळला तेव्हाही कधी वाटलेलं नाही, आणि ताळेबंद जुळण्यातही मला आनंद आहे. ऑफिसात एका वरिष्ठांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अगदी मायेनं विचारलं, ‘‘त्याचे किती सुटतात?’’ काहीच सुटत नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काळजी दिसली. ते वाईट गृहस्थ नाहीत. एखादी शहाणी बाई दर आठवड्याचे पाच तास अशा ठिकाणी घालवते याचा त्यांना खरोखर अर्थ लागत नव्हता.

आता माझ्या हातात एक हुकमी पान आहे. २०२३ च्या सप्टेंबरपासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुन्या कागदांमधल्या कुणबी नोंदी शोधणं सुरू झालं आणि मोडी वाचणारी माणसं एकाएकी मोलाची ठरली. ज्यांना आजवर रिकामटेकडे समजलं जात होतं, त्यांना कचेऱ्यांमधून बोलावणी आली. छंदाची बाजू मांडणारे हे उदाहरण लगेच पुढे करतात: बघा, कधी काय उपयोगी पडेल सांगता येत नाही! मी ते पान टाकणार नाही. उपयोग हीच जर कसोटी असेल, तर २०२३ च्या ऑगस्टमध्ये ती माणसं चूक करत होती आणि सप्टेंबरमध्ये बरोबर ठरली, असं म्हणावं लागेल. त्यांच्या रविवारांत त्या महिन्याभरात काय बदललं होतं? कागद तोच, हात तोच, बसणंही तेच. ज्यांच्या छंदाची अशी वेळ कधीच येणार नाही, फुलपाखरांच्या जाती लिहून ठेवणारे, आगपेट्या जमवणारे, जुन्या नाट्यपदांच्या चाली लिहून ठेवणारे, त्यांचं आयुष्य मग वाया गेलं का? उपयोगाच्या दारातून आत शिरलात की त्याच दारातून कधीही बाहेर काढलं जाईल.

या भूमिकेवरचा सगळ्यात भक्कम आक्षेप मी स्वतःलाच बरेच दिवस घेत होते. देश गरीब आहे. ज्याला दोन पाळ्या करून घरभाडं द्यायचं आहे, त्याच्यापुढे मोडी लिपीचं कौतुक सांगणं क्रूरपणाचं आहे. आमच्या इमारतीत पाच घरची धुणीभांडी करणाऱ्या बाई पहाटे साडेचारला उठतात. त्यांना छंद कोणता म्हणून विचारायची माझी हिंमत नाही. आपल्याकडे फुरसत नेहमी जात पाहून, घर पाहून वाटली गेली. ज्यांना जमिनीचं, वतनाचं, नोकरीचं पाठबळ होतं त्यांनी ग्रंथ लिहिले, आणि ज्यांच्या घामावर ते पाठबळ उभं होतं त्यांचं नावही त्या ग्रंथांत नाही. मी ज्या कागदांवर जीव लावते, ते लिहिणारे हात कोणत्या जातींचे होते हे मला दर ओळीत दिसतं. हे सगळं खरं आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? फुरसत काहींनाच मिळाली म्हणून ती कुणालाच नको? की काहींनाच मिळाली म्हणून ती आता सगळ्यांना मिळाली पाहिजे? भाकरी काहींनाच मिळाली म्हणून भाकरीला चैन म्हणायचं धाडस कुणी केलं नाही. वेळेच्या बाबतीत मात्र आपण तसं सर्रास म्हणतो.

आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांनी काय मागितलं, हे तर इतिहासात स्पष्ट आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. त्या काळी गिरणी उजाडताना सुरू होई आणि दिवस मावळल्यावर थांबे. पोटाला चिमटा बसत असताना त्या माणसांनी ज्या मागण्या केल्या त्यांत पगार वेळेवर द्या हे होतंच, पण त्यासोबत रविवारची सुटी होती आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. ‘गरिबाला पैसा हवा असतो, वेळ नको असतो’ असं सांगणाऱ्यांनी एवढं एकच प्रकरण नीट वाचावं. ती मागणी शिकल्यासवरल्या, सुखवस्तू लोकांची नव्हती. सत्यशोधक चळवळीतल्या एका कार्यकर्त्यानं सूत आणि साच्यांत राबणाऱ्यांच्या वतीनं ती मांडली होती. आणि गिरण्या त्यानंतर बुडाल्या का? पुढची कित्येक दशकं त्या वाढतच गेल्या.

त्या रविवारात पुढे काय पिकलं ते मी घरी पाहिलं आहे. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. चाळीतल्या भजनी मंडळीत ते मृदंग वाजवत. रातपाळी करून आलेला माणूस अंघोळ करून मृदंगाच्या एका बाजूला कणीक थापायचा, बोटानं टिचकी मारून स्वर ऐकायचा, पुन्हा थोडी कणीक काढायचा. त्या पाच मिनिटांत त्यांच्याशी कुणी बोलत नसे, आईसुद्धा. गिरणीत त्यांना हुद्दा नव्हता. मंडळीत मात्र परगावचे बुवा आले की आधी त्यांचा शोध घेत. लालबाग-परळमध्ये अशा मंडळ्या, लेझीम पथकं, दशावतार करणारी कोकणातली मंडळं, कामगारांची नाटकं गल्लोगल्ली होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख हे शाहीर याच वस्त्यांनी ऐकले आणि मोठे केले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. वडिलांचं काम गेलं ते गेलंच. नंतर त्यांनी पहारेकऱ्याची नोकरी केली. ज्या ओळखीवर त्यांनी पुढची वीस वर्षं ताठ मानेनं काढली, ती मृदंगाची ओळख होती. माणसाला त्याच्या कामावरूनच ओळखायचं ठरलं असतं, तर संपानंतर माझे वडील कोण उरले असते?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा याहून मुळापासून मांडला आहे. यंत्रयुग नको, साध्या श्रमाकडे परत चला, या विचारावर टीका करताना १९४५ मध्ये त्यांनी लिहिलं, त्याचा आशय असा: पशू आणि माणूस यांच्यातला फरक संस्कृतीचा आहे, संस्कृतीचं जगणं जगायचं तर फुरसत हवी, आणि फुरसत हवी तर शरीराच्या गरजा भागवण्यात जाणारे श्रम कमी झाले पाहिजेत, यंत्र हवं ते त्यासाठी. म्हणजे यंत्रानं वाचवलेला वेळ माणसाला परत मिळाला पाहिजे. हे लिहिणारे बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याची मर्यादा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आली. त्यांच्या विचारात फुरसत म्हणजे आळस नाही, औषधही नाही. माणूस म्हणवून घेण्याची ती अट आहे. आज यंत्रं तेव्हापेक्षा कितीतरी पुढे गेली. त्यांनी वाचवलेला वेळ कुठे गेला, हा प्रश्न विचारायचा सोडून आपण ७० की ९० याची घासाघीस करत बसलो आहोत.

दुसरा आक्षेप जरा गोड शब्दांत येतो. खरी आवड असेल तर वेळ मिळतोच, असं म्हणतात, आणि दाखला म्हणून बहिणाबाई चौधरींचं नाव घेतात. शेतात, चुलीपाशी, जात्यावर राबता राबता त्यांनी कविता केल्याच ना? हा दाखला मला नेहमी अस्वस्थ करतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओठावरचं जे आज आपल्यापाशी आहे, ते त्यांच्या मुलानं आणि नात्यातल्या माणसानं वेळोवेळी टिपून ठेवलं म्हणून. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि त्यांची कविता पुस्तकरूपानं आली ती १९५२ मध्ये. त्यांच्या घरात टिपणारा कवी-मुलगा होता. शेजारच्या गावातल्या, तितक्याच ताकदीच्या एखाद्या बाईच्या घरी तो नसेल तर? हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो खजिना पाहून कामातही प्रतिभा बहरते असं म्हणून मोकळं होता येतं. पण त्या बायकांना जात्यापासून उठून तासभर नुसतं बसता आलं असतं, तर त्या ओवीच्या चरणाबाहेर कुठवर गेल्या असत्या? जे वाचलं त्यावरून कष्टांचं समर्थन करणाऱ्यांनी, जे पिठाबरोबर सांडून गेलं त्याचाही हिशेब मनात धरावा. दुष्काळातही एखादं झाड तगतं. म्हणून कुणी पाणी अडवायचं काम थांबवत नाही.

तिसरा सल्ला हल्ली फार प्रतिष्ठित झाला आहे: आवडीलाच व्यवसाय करा, म्हणजे आयुष्यात एक दिवसही काम करावं लागणार नाही. ज्यांना हे साधलं त्यांचा मला आनंदच आहे. पण हा सल्ला सरसकट देणं घातक आहे. पैसा आला की गिऱ्हाईक येतं, गिऱ्हाईक आलं की त्याची आवड येते. मी मोडी वाचून द्यायचे पैसे घेऊ लागले, तर जमिनीच्या वादाचे कागद आधी वाचीन, कारण त्याला पैसे मिळतात. बांधाच्या तंट्यात दोन भावांपैकी एकाचं अक्षर का थरथरलं, यावर मग रविवार घालवणार नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांकडे पाहा. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून १९२० च्या सुमारास त्यांनी जमवाजमव सुरू केली. आणि जमवलं काय? दिवे, अडकित्ते, वज्र्या, कात्र्या, कुलपं, लाकडी दारं, वाद्यं. कुठल्याही राजानं किंवा व्यापाऱ्यानं ज्यांना संग्रहयोग्य मानलं नसतं अशा, घरातल्या हातांनी वापरलेल्या वस्तू. बाजार पाहून जमवलं असतं तर त्यांनी तलवारी आणि नाणी जमवली असती. लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये तो सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. पायाची टाच घासायच्या वज्रीवर पितळेचे पक्षी बसवणारा कारागीर आज आपल्याला माहीत आहे, याचं कारण एका दुकानदाराचा बिनहिशेबी नाद.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचंही तसंच. दापोलीजवळच्या मुरूडचा हा माणूस पेशानं शिक्षक. मुलं शिकवून उरलेल्या वेळात त्यांनी आपल्याकडच्या ज्योतिषाचा, पंचांगांचा वेदकाळापासूनचा इतिहास मराठीत लिहिला. तो १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट सेवेल या इंग्रज सनदी अधिकाऱ्यासोबत केलेला, तिथीवरून इंग्रजी तारीख काढण्याच्या कोष्टकांचा त्यांचा ग्रंथ इंग्रजीत आला. दोनच वर्षांनी, पंचेचाळिशी ओलांडण्याआधी, ते गेले. मी जेव्हा जंत्री उघडून एखाद्या पत्राची तिथी पडताळते, तेव्हा कोकणातल्या त्या मास्तरांच्या संध्याकाळी मला आठवतात. त्या संध्याकाळी त्यांच्या नावे होत्या, शाळाखात्याच्या नव्हे. यावर कुणी म्हणेल, बघा, दिवसभर काम करूनही जमलंच की! जमलं. त्यांच्या शाळेची घंटा ठरल्या वेळी होत असे म्हणून. बारा तासांच्या पाळीनंतर अंबरनाथहून बदलापूरला नव्हे, थेट कर्जतला उभ्यानं जाणाऱ्या माणसाकडून तीच अपेक्षा करून पाहा.

मराठीचा शब्दकोशही या अन्यायाची साक्ष देतो. प्राध्यापकाला असतो तो व्यासंग. सुखवस्तू घरच्या बाईला असते ती हौस. गिरणीतल्या माणसाला असतो तो नाद, आणि तो बहुधा ‘नादी लागला’ असाच येतो. तेच झपाटलेपण, तेच जागरण, फक्त माणूस बदलला की शब्द बदलतो. स्वतःच्या मनानं चालणं म्हणजे स्वच्छंद. तो शब्दही आपण ‘स्वच्छंदी मुलगा’ असा नाक मुरडून वापरतो. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, ही म्हण कुणावर रचली आणि कुणी रचली, तेही पाहण्यासारखं आहे. रिकामा सरदार बुद्धिबळ मांडून बसला की त्याच्यावर म्हण होत नाही. वडील मृदंगाच्या पाठी असताना चाळीतले शिकलेले शेजारी त्यांना ‘नादिष्ट’ म्हणत. माझ्या मोडीला तेच शेजारी आज व्यासंग म्हणतात. मधे फक्त माझी पदवी आली.

इथे मला माझ्या घरातलीही गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. रविवारी मी कागद उघडून बसते तेव्हा स्वयंपाक आपोआप होत नाही. या अकरा वर्षांतला बराच काळ तो माझ्या सासूबाईंनी केला आहे. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. चार वर्षांपूर्वी माळ्यावरून एक वही निघाली. चौकटीच्या कागदावर ठिपक्यांच्या रांगोळ्या, पंधरा ते आठ, एकवीस ते अकरा, प्रत्येकीखाली तारीख. वही लग्नानंतर दीड वर्षानं थांबली होती. मी विचारलं, ‘‘आई, पुढे का नाही काढल्या?’’ त्या म्हणाल्या, ‘‘सवड कुठे झाली मग?’’ पुरुषांचे छंद बायकांच्या श्रमांवर उभे असतात, ही टीका मी कितीदा तरी केली होती. माझाही छंद दुसऱ्या बाईच्या सवडीवर उभा होता. आता एक रविवार माझा, एक त्यांचा. आणि स्वयंपाक नवरा आणि मुलगा करतात. व्यवस्था लागायला वर्ष गेलं, कुरबुरीही झाल्या. पण कायद्यानं तास कमी केले की न्याय झाला, असं मानणाऱ्यांना मी हे सांगीन की कारखान्यातून सुटलेला वेळ घरी पोचल्यावर पुन्हा वाटावा लागतो, आणि ती वाटणी कुठल्याच कायद्यात नाही.

राहिला मोबाइलचा मुद्दा. वेळ दिला तरी लोक तो पडद्यावर बोट फिरवण्यात घालवतात, असं म्हणतात. घालवतात, मीही घालवते. दहा-अकरा तास काम आणि तीन तास प्रवास झाला की मेंदू तेवढंच करू शकतो. मोडीचं पान मी आठवड्यातल्या रात्री कधीच उघडत नाही, कारण अक्षर लागत नाही. छंदाला उरलेला वेळ पुरत नाही, त्याला चांगला वेळ लागतो. थकलेल्या माणसाच्या हातात फोन पाहून त्याला वेळ नकोच आहे असं ठरवणं म्हणजे उपाशी माणसानं शिळं खाल्लं म्हणून त्याला ताज्याची चव नाही असं ठरवणं.

म्हणूनच सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची रोजची मर्यादा नऊ तासांवरून बारा करायला आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ करायला मंजुरी दिली, तेव्हा त्यावरची चर्चा मला फार तोकडी वाटली. गुंतवणूक येईल, जादा तासांचा दुप्पट मोबदला मिळेल, कामगाराची लेखी संमती घेतली जाईल, असं सांगितलं गेलं. गुंतवणूक हवी, हे मलाही मान्य आहे. बेकारांना दिलेली फुरसत ही फुरसत नसते. जादा पैसे हवे असणारे कामगारही आहेत. पण मूळ पगारात घर भागत नसेल तर त्या संमतीला संमती कसं म्हणायचं? १८९० मध्ये सभेला जमलेल्या दहा हजारांना पैशांची गरज कमी नव्हती, तरी त्यांनी एक दिवस मागितला. माझी मागणी साधी आहे. तासांची चर्चा होईल तिथे उत्पादन, आरोग्य आणि कुटुंब यांच्याबरोबर चौथी बाजू मांडली जावी: या माणसाला आठवड्यात सलग, न थकलेले असे किती तास स्वतःचे म्हणून मिळतात? प्रवासाचा वेळ कामात धरून हे मोजावं. आणि बारा तासांच्या प्रत्येक प्रस्तावाखाली हा आकडा लिहावा.

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या घराण्याचा जुना रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला. जमाखर्चाचे कागद होते. भात, मीठ, तेल, गड्यांची मजुरी, आणि त्यांच्या मधोमध एक ओळ: मृदंग मढविणे, आणि पुढे आण्यांचा आकडा. दोनदा वाचली, खात्री करून घेतली. एवढ्या काटकसरी हिशेबात तो खर्च कुणी मंजूर केला असेल, कुणासाठी केला असेल, गड्यांपैकी कुणी वाजवत असे की घरातलंच कुणी, ते कुठेच लिहिलेलं नाही. पुढचे कागद पाहायचे आहेत. हा रविवार सासूबाईंचा. पुढच्या रविवारी बसेन.